सुरू होताना पुसू नये

तोर्शहाव्नच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघराच्या वर,
एक खोली, तीन सर्व्हर आणि रान्वा.
रात्रीचे सव्वादोन. धुकं इतकं
की फेरीबोटीचा भोंगा ऐकू येतो, बोट दिसत नाही.

पडद्यावर एकशे बारा ओळींची एक्सएमएल फाइल.
हानुसने लिहिलेली, आठ वर्षांपूर्वी.
निवृत्त होऊन तो आता दक्षिणेच्या बेटावर
होड्यांच्या तळांना रंग देतो. फोन उचलत नाही.

कोनी कंसांची ही भाषा तिला आवडते.
जे उघडलं ते बंद करायचं, त्याच नावाने.
लहानपणी कुरणाच्या फाटकाबद्दल बापाने हेच सांगितलेलं:
तू उघडलंस ना, मग तूच लाव.
मेंढ्या गेल्यावर आठवून काय उपयोग!

गेल्या मंगळवारी वीज गेली.
तिन्ही यंत्रं एका दमात आडवी.
हिशेब असा होता की प्रत्येक नोंद दोघांनी धरायची,
एक कोलमडला तर दुसरा सांगेल.
तिघे एकदम पडतील हे कोणी धरलंच नव्हतं.
तरी डोंगरापलीकडच्या इमारतीत डेटाबेस जागा होता,
पक्क्या वहीसारखा.
सगळं होतं त्यात:
मोटारी, दोन ट्रॅक्टर, शाळेची सहल,
चाळीस मेंढ्या,
आणि सकाळी सातच्या बोटीने जाणारी एक शवपेटी.

म्हणजे वीज गेली तेव्हा काही हरवलं नव्हतं.
वीज आली तेव्हा हरवलं.

सदतिसाव्या ओळीत एक प्रश्न होता:
सुरू होताना जुनं पुसायचं का?
आणि पुढे अवतरणात, ट्रू.
यंत्रं उठली, आज्ञाधारक पोरांसारखी,
डोळे चोळायच्या आधी पाटी पुसून मोकळी झाली.

शेजारी हानुसची टीप:
चाचणीपुरतं. नंतर बदलणे.
आठ वर्षं त्या 'नंतर'ला कोणी हाक मारली नव्हती.

सकाळी धक्क्यावर एल्सपाचा मुलगा गाडी घेऊन उभा,
आणि यंत्र म्हणतंय, अशी नोंद नाही.
मग मुकादम बेइनिरने खिशातून
मासळीच्या खोक्याचा फाटका पुठ्ठा काढला.
कागद बंद करून चार वर्षं झाली होती,
तरी पेन्सिलीने लिहिलेलं होतं:
एल्सपा. पेटी. सात. मुलगा सोबत.
कोणालाही न विचारता त्याने साखळी काढली.
गाडी आत गेली.

रान्वा तो पुठ्ठा मागून घेऊन आलीय.
कीबोर्डशेजारी ठेवलाय. खवल्यांचा वास येतो.

ट्रूचं फॉल्स करते.
सामाईक म्हणून नोंदवते, म्हणजे एकाच वहीत
तिघे तीच ओळ तीनदा कोरत बसणार नाहीत.
आधी वाच, मग दार उघड, हेही सांगते.
मग 'मागाहून लिही' या गुणधर्मापाशी थांबते.
त्याने सगळं चपळ होतं. रांग साठते,
सवडीने वहीत उतरते.
सवड.
ती तो पूर्ण खोडते.
लागू देत प्रत्येक तिकिटाला चार मिलिसेकंद जास्त.
बेइनिरला पेन्सिलीला टोक करायला
याहून खूप वेळ लागतो.

हानुसची टीप तशीच ठेवते.
खाली एक ओळ घालते: बदललं. आणि तारीख.

आता परीक्षा.
खोटी नोंद हवी म्हणून सुचेल ते टाकते:
रान्वा, एक सायकल, दक्षिणेचं बेट, सातची बोट.
मग हाताने, एकामागून एक, तिन्ही बटणं बंद करते.
पंखे थांबतात. खोलीत भोंगा अचानक जवळ येतो.
ती शंभरपर्यंत मोजते, साठालाच थांबते,
आणि बटणं दाबते.

हिरवा. हिरवा.
तिसरा जरा वेळ घेतो.
हिरवा.

शोधते.
रान्वा, एक सायकल, दक्षिणेचं बेट, सात.

चाचणीची नोंद रद्द करायची असते, नियमच आहे.
रान्वा घड्याळ बघते.
खाली जाऊन सायकलच्या चाकात हवा आहे का
ते अंगठ्याने दाबून बघते.